पिवळ्या रेषेच्या आत

१२ जानेवारी, सोमवार

पुन्हा तोच रकाना! वडिलांचा व्यवसाय.

वर्गात नव्या सत्राचे फॉर्म वाटले. घरी आणला, पप्पांपुढे धरला. वर न बघताच म्हणाले, "शेतमजूर लिही, माय." मी म्हटलं, कुठलं शेत? कुणाचं? आपलं गुंठाभर तरी आहे का कुठे? तर म्हणे, "लिही म्हनलं ना."

पाचवीपासून हेच चाललंय. चाकणच्या कंपनीत अकरा वर्षं सीएनसी मशीनवर उभा राहिलेला माणूस, तीन-तीन शिफ्ट करणारा — आणि कागदावर शेतमजूर! मला तर ज्वारी कधी पेरतात तेही माहीत नाही. मी चार वर्षांची होते तेव्हा आम्ही अहमदपूरकडून इकडे महाळुंग्याला आलो. आता वीस वर्षांची आहे. सोळा वर्षं याच पत्र्याच्या खोल्यांत काढली, तरी घरमालकीण सुभद्राबाई अजून म्हणते, "तुमी तिकडली मानसं, तुमाला पानी लई लागतं." तिकडे गेलं की चुलत्या म्हणतात, पुण्याची आली. कॉलेजात कोणी विचारलं तर मी महाळुंगे सांगते. मग लगेच पुढचा प्रश्न — "हो, पण मूळची?" मूळ उपटून बघणार आहेत की काय!

श्रद्धा माझ्याच बाकावर बसते. तिचे वडील बँकेत. तिने तो रकाना इतक्या पटकन भरला की मी बघतच राहिले.

मी शेतमजूर लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं.

१४ जानेवारी, बुधवार

सरांनी आज सांगितलं — येत्या मंगळवारी इंडस्ट्रियल व्हिजिट. कुठे, तर पप्पांच्या कंपनीत!! त्यांच्याच मशीन शॉपमध्ये! शिवाय उन्हाळ्यापासून तिथेच सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे, वर्गातून चौघांना घेणार.

घरी सांगणार नाही. पप्पा मशीनवर असतील आणि मी समोर जाऊन उभी राहीन. चेहरा बघण्यासारखा होईल.

१५ जानेवारी, गुरुवार

एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, कॉलेजची रविवारी. एका खोलीत राहून बाप-लेकीची गाठ चहापुरती. आज मी लवकर आले म्हणून पप्पा सापडले.

पंखा खोलून बसले होते. "बेअरिंग गेलंय, आवाज ऐक." मला काहीच ऐकू येईना. त्यांनी माझं बोट धरून पंख्याच्या जाळीवर ठेवलं — तेव्हा कळलं, बारीक खरखर होती. मशीनचंही तसंच म्हणतात. टूल झिजायला लागलं की आवाज जाड होतो, माप बिघडायच्या आधी कान सांगतो. हे आमच्या पुस्तकात नाही. मोजायला रंगराव काकाची स्टीलची पट्टी घेतली होती. एरवी ती काकाच्या फोटोखाली खिळ्याला असते, मला हात लावू देत नाहीत.

मग आईच म्हणाली, "सांगा की लेकराला." कंपनी ठेकेदाराच्या माणसांतून बाराजणांना परमनंट करणार आहे. यादीत पप्पांचं नाव आहे! कागद तपासले की मार्चमध्ये ऑर्डर. मी उड्याच मारल्या. अकरा वर्षांनी! पप्पा मात्र पंख्याचे स्क्रू आवळत बसले. "होऊ दे तवा खरं," एवढंच.

हा माणूस खूश व्हायलाही घाबरतो. राग येतो मला.

१९ जानेवारी, सोमवार

पप्पा कंपनीतून मिठाईचा डबा घेऊन आले. दरवर्षी याच दिवसांत मिळतो. आईने नेहमीसारखा आधी काकाच्या फोटोपुढे ठेवला, मग उघडला. काजूकतली. मी सहा खाल्ल्या. उद्या व्हिजिट!

२० जानेवारी, मंगळवार

लिहिते. नाही लिहिलं तर काहीतरी फोडून टाकीन.

साठजण होतो. डोक्यावर हेल्मेट, कानात बोळे. सुपरवायझर पुढे, आम्ही मागे दोन-दोनच्या रांगेत. जमिनीवर पिवळी रेषा आखलेली, तिच्या बाहेरून चालायचं. तिसऱ्या रांगेत पप्पा दिसले. निळा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, हातात जॉब — नुकताच कापलेला लोखंडी भाग. मला आधी वाटलं, किती वेगळे दिसतात! घरी खांदे पाडून बसतात, इथे ताठ उभे. सुपरवायझर त्यांच्याकडे हात करून काहीतरी सांगत होता — आवाजात अर्धंच कळलं — आमचा सगळ्यात जुना माणूस, याच्या हातचा जॉब रिजेक्ट होत नाही वगैरे. सगळे माना वळवून बघत होते. माझी छाती फुगली. खरंच फुगली! मी श्रद्धाचा हात धरून ओढला. म्हणायचं होतं — हे माझे पप्पा.

मी पुढे झाले. "पप्पा!" मोठ्याने म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. ओळखलं नाही म्हणायला जागाच नाही. मग डाव्या हाताने छातीवरचं कार्ड उलटं केलं. आणि म्हणाले, "मॅडम, पिवळ्या रेषेच्या आत येऊ नका."

मॅडम!

परत मशीनकडे वळले. माझा पाय खरोखरच रेषेच्या आत होता. श्रद्धाने विचारलं, "कुणाला हाक मारलीस गं?" मी म्हटलं, कुणाला नाही. सांगायला तोंड कुठे होतं? सख्ख्या बापाने साठजणांसमोर मला परकी केली. पोरी सांगतात, बापाची लाज वाटते म्हणून लपवलं. इथे बापालाच लेकीची लाज वाटली! का? मी काय चोरून आत शिरले होते? कार्ड का उलटं केलं? मी नाव वाचलं असतं तर काय बिघडलं असतं?

घरी आले तर ताट वाढून ठेवलेलं. जेवले नाही.

२१ जानेवारी, बुधवार

पप्पांशी बोलले नाही. बोलणारही नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सुट्टी त्यांची, शिक्षा मला. कॉलेजमधून आल्यापासून पप्पा समोर. ओल्या शेंगा उकडून वाटी माझ्या वहीशेजारी ठेवली. मी वाटी सरकवली. ते उठून बाहेर जाऊन बसले.

आईला म्हटलं, तू तरी बोल. ती कँटीनच्या पोळ्या लाटून आली होती, खांदा दाबत बसली होती. "तुझ्या बापानं कामून तसं केलं ते त्यालाच ठावं. तू यायचं आधी सांगायचं होतंस." म्हणजे चूक माझीच! वा!

तळपायाची आग मस्तकात गेली. मोबाइल घेतला आणि इंटर्नशिपचा फॉर्म भरायला बसले. वडिलांचा व्यवसाय — मशीन ऑपरेटर! कुणाला न विचारता. खाली आणखी एक रकाना — आपले कोणी नातेवाईक या कंपनीत काम करतात का? हो. नाव — कोंडीराम गणपत सोनकांबळे. नाते — वडील. एकेक अक्षर ठोकून लिहिलं. मॅडम म्हणता काय! आता तुमच्याच कंपनीच्या कागदावर तुमची लेक म्हणून नाव लागेल. बघते कसे नाकारता.

सबमिट. पहिल्यांदा खरं लिहिलं. फार बरं वाटलं.

२८ जानेवारी, बुधवार

लागलं!! मुलाखतीच्या यादीत माझं नाव. चार फेब्रुवारीला.

घरी फक्त आईला सांगितलं, तेही कंपनीचं नाव न सांगता. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. पप्पा दुसऱ्या शिफ्टला होते. त्यांना तिथेच कळू दे, मशीनवर उभे असताना. मी गळ्यात कार्ड घालून जाईन आणि पिवळ्या रेषेच्या आत उभी राहीन.

४ फेब्रुवारी, बुधवार

काय लिहू. कुठून लिहू.

मुलाखत झकास झाली. खरंच. इंजिनिअर साहेबांनी विचारलं, टूल झिजलं हे कसं ओळखाल? बाकीच्यांनी पुस्तकातलं सांगितलं असणार. मी म्हटलं, आवाज जाड होतो सर, बोट ठेवलं तर खरखर लागते, माप नंतर बिघडतं. ते हसले. "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, घरी. "कामून" बिमून काही तोंडातून निसटलं नाही. निसटलं असतं तरी चाललं असतं असं वाटलं, इतकी मी त्या खुर्चीत ऐसपैस बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, ही जागा माझीही आहे.

मग एचआरच्या नीला मॅडमनी फाइल पुढे ओढली. म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय वडील इथेच आहेत. कोंडीराम सोनकांबळे नावाचं आमच्याकडे कोणीच नाही."

मी म्हटलं, असं कसं, मी स्वतः बघितलंय.

त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. "सोनकांबळे एकच आहेत. रंगराव गणपत. पण ते अविवाहित आहेत. हे तुमचे कोण?"

रंगराव गणपत सोनकांबळे माझा काका. मी नऊ वर्षांची होते तेव्हा काविळीने गेला. त्याचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्याचं लग्न ठरत होतं. मॅडमनी स्क्रीन जरा फिरवली — आणि त्यावर पप्पांचा फोटो!

मी काय बोलले? "माहीत नाही" म्हटलं. मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत लेखी खुलासा आणून द्या. "सध्या सगळ्यांचेच कागद तपासतोय. कुणी खोटं लिहिलं असेल तर चालणार नाही, मग ते कोणीही असो."

बस तळवड्यात तासभर अडकली. मी मोजत होते. जन्मतारीख होती स्क्रीनवर — एकोणीस जानेवारी. काकाची. कंपनी वाढदिवसाला मिठाई देते. म्हणजे तो डबा! मी सहा खाल्ल्या होत्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज त्यांची सुट्टी. कॉलेजला गेले नाही. त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "रंगराव, चहा घ्या."

आईच्या हातातून कप पडला. पप्पांनी तो उचलून बाजूला ठेवला. मग बोलायला लागले तर थांबेचनात.

"रंगा आन मी भोसरीला एकाच वर्कशॉपात. त्याच्याकडं आयटीआयचा कागद. मी आठवी नापास. पर काम सगळं त्यानंच शिकवलं, ती पट्टी हातात देऊन. त्यानं या कंपनीत अर्ज टाकला होता. तो गेला — आन पाचव्या दिवशी ठेकेदाराचा मानूस दारात. 'रंगराव सोनकांबळे कोन?' म्हनला. घरात मी आन तुझी माय, दोघंच. मी म्हनलो — मीच."

आई म्हणाली, "मीच ढकललं व्हतं मागून." तिचंही ऐकून घ्या!

"वाटलं, दोन महिने करू, मग सांगू. मग तुझी शाळा. मग ठेकेदाराला कळलं, तर तो म्हनला, गप ऱ्हा, काम चांगलंय तुझं, कागदाचं मी बघतो. आता सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाई, माय."

मी विचारलं, मग मला मॅडम का म्हणालात?

"रंगरावाचं लगीनच झालं न्हाई. सुपरवायझर बाजूला हुभा. त्याच्या समोर तू पप्पा म्हनलीस." एवढं बोलून ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

मी ओरडले. पत्र्यांपलीकडे ऐकू गेलं असेल, जाऊ दे! म्हटलं, मला सांगायचं होतं! मी काय परकी होते? शेतमजूर लिही, शेतमजूर लिही — का लिही ते कधी सांगितलंत? सांगितलं असतं तर मी ते नाव लिहिलंच नसतं ना! आता बाराजणांच्या यादीतून जाल. नोकरीवरूनही जाल. वर पोलीस आले तर? आणि हे सगळं मी केलं. माझ्या हाताने, अक्षर ठोकून.

मला कुणावर जास्त राग आहे तेच कळत नाही. त्यांच्यावर आहे. ठेकेदारावर आहे — सगळं ठाऊक असून अकरा वर्षं वापरून घेतलं. त्या रकान्यावर आहे. अकरा वर्षं ज्या माणसाचा जॉब रिजेक्ट झाला नाही, त्याला आठवी नापास म्हणून एक मशीनही कुणी दिलं नसतं, यावर तर सगळ्यात जास्त आहे. आणि माझ्यावर. मिरवायला गेले आणि बापाला पकडून दिलं.

पप्पा मात्र म्हणाले, "तू खरं लिहिलंस. तुझी काय चूक?"

असं बोलू नका ना! भांडा माझ्याशी!

७ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. तीनदा लिहून फाडलं, चौथ्यांदा जमलं.

"मी, मैत्री कोंडीराम सोनकांबळे, इंटर्नशिपच्या अर्जात निवड व्हावी म्हणून वडिलांविषयी खोटी माहिती भरली. माझे वडील आपल्या कंपनीत काम करत नाहीत. श्री. रंगराव सोनकांबळे यांच्याशी माझा काहीही संबंध नाही. माझे वडील शेतमजूर आहेत."

शेवटचं वाक्य लिहिताना दात-ओठ खाल्ले. सगळं फिरून शेतातच आले. इंटर्नशिप जाईल. जाऊ दे. त्यांची यादी राहील. पप्पांना सांगायचं नाही. आईला सांगितलं, आणि तुला माझी शप्पथ म्हटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

दिलं.

नीला मॅडमनी दोनदा वाचलं. त्यांना पटलं नाही, हे मला दिसलं. पण कागद फाइलमध्ये लावला. "नातं नाही म्हणता, म्हणजे आमच्या बाजूने विषय संपला. तुमची निवड मात्र रद्द. कॉलेजला कळवावं लागेल."

कळवलंही लगेच. सरांनी स्टाफरूममध्ये उभं केलं. "तुमच्यासारख्या मुलांसाठी आम्ही एवढं करतो आणि तुम्ही खोटं लिहिता? घरी काही शिकवत नाहीत का?" तुमच्यासारख्या! घरी काय शिकवतात ते त्या मुलाखतवाल्या साहेबांना विचारा! जिभेवर आलं होतं. गिळलं. बोलले असते तर कागदाचा उपयोग काय? श्रद्धा दारात उभी होती. माझी बॅग उचलून माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आली. काही विचारलं नाही. तिच्यावर उगाच वर्षभर डाफरले मी.

घरी आले तर पप्पा पहिली शिफ्ट करून आलेले, पायरीवर सुभद्राबाईशी बोलत होते. ती म्हणत होती, "पोरगी लई कष्टाळू हाय तुमची, आमच्या गावाचं नाव काढंल." आमच्या गावाचं! आज! आज सुचलं हिला!

पप्पा हसले. सुरक्षित आहेत. मला तेवढं पुरे. खोटारडी तर खोटारडी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आईच्या पोटात काही राहत नाही. शप्पथसुद्धा नाही. काल मी झोपल्यावर तिने पप्पांना सांगितलं.

मी कॉलेजला गेले नव्हते; पप्पा सकाळी साडेअकराला घरी, दारात. मंगळवारी! मशीन चालू करण्याआधीच नीला मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मी कोंडीराम. रंगराव माझा भाऊ, तो मेला. पोरगी खोटी न्हाई. तिचा कागद मला परत द्या."

कागद दिला नाही. कार्ड काढून घेतलं.

मी भांडले, रडले, म्हटलं कुणी सांगितलं होतं तुम्हाला, माझंही गेलं, तुमचंही गेलं! त्यांनी शांतपणे डबा काढून ओट्यावर ठेवला. भरलेला होता.

मग म्हणाले — कार्डाशिवाय गेटातून बाहेर सोडत नाहीत. वॉचमनने भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर पुढे केलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिथे स्वतःचं नाव लिहिलं. कोंडीराम गणपत सोनकांबळे. पुढे रकाना होता, आत आल्याची वेळ. त्यांनी विचारलं, इथं काय लिहू?

वॉचमन म्हणाला, "ते मोकळंच सोडा, मामा."